बाउरमन सरांचं मैदान

रोम ऑलिम्पिकमधली १९६० सालची चारशे मीटरची शर्यत आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे ती मिल्खा सिंग यांच्यामुळे. वेळ ४५.६ सेकंद, क्रमांक चौथा, पदक हुकलं ते एक दशांश सेकंदानं. पण ती शर्यत जिंकली कुणी, असं विचारलं तर भलेभले गप्प होतात. ती जिंकली अमेरिकेच्या ओटिस डेव्हिसनं, ४४.९ सेकंदांच्या विश्वविक्रमासह. जर्मनीच्या कार्ल काउफमनचीही वेळ तीच होती, म्हणून निकाल छायाचित्र पाहून द्यावा लागला. आणि हा डेव्हिस वयाच्या पंचविशीपर्यंत धावपटू नव्हताच.

हवाई दलातली नोकरी आटोपून तो ओरेगॉन विद्यापीठात आला तो बास्केटबॉलच्या शिष्यवृत्तीवर. तिथं मन रमेना, तेव्हा तो अ‍ॅथलेटिक्सच्या प्रशिक्षकांकडे गेला आणि मला घ्या म्हणाला. बिल बाउरमन यांनी त्याला आधी उड्यांमध्ये आजमावलं, मग पळवलं. या वयात आता काय शिकणार, असं म्हणून त्याला परत पाठवलं असतं तर कुणीही त्यांना दोष दिला नसता. मिल्खांच्या शर्यतीचा निकाल असा यूजीन नावाच्या एका लहानशा विद्यापीठ-शहरात लागला होता.

विद्यापीठ मोठे खेळाडू घडवतं म्हणजे नेमकं काय करतं, हा प्रश्न मला कायम पडतो. आपल्याकडे उत्तर ठरलेलं असतं: निधी, संकुल, सिंथेटिक ट्रॅक. ओरेगॉनचे जुने किस्से वाचताना मला मात्र पुन्हा पुन्हा दिसतो तो एका माणसाचा हात. त्या हातानं जोडे शिवले, आणि वेळ पडली तेव्हा एका पोराचा गळाही धरला.

आधी जोड्यांचं सांगतो. बाजारात मिळणारे धावण्याचे जोडे बाउरमनना जड वाटत. जोडीचं वजन एका औंसानं कमी केलं तर मैलभर धावताना पंचावन्न पौंडांचं ओझं वाचतं, असा त्यांचा हिशोब होता. म्हणून ते रात्री बसून स्वतः जोडे कापत, शिवत. कांगारूचं कातडं झालं, कॉड माशाचंही वापरून झालं. सकाळी ते जोडे विद्यार्थ्यांच्या पायांत. पहिला जोड कुणाच्या पायात गेला यावर डेव्हिसचा दावा एक आणि फिल नाइट नावाच्या दुसऱ्या विद्यार्थ्याचा दुसरा. या नाइटनं १९६४ साली आपल्या गुरूबरोबर पाचशे-पाचशे डॉलर घालून जोड्यांचा धंदा सुरू केला. तीच पुढची नाइके.

सत्तरीच्या सुरुवातीला विद्यापीठाच्या मैदानावर कृत्रिम ट्रॅक आला. त्यावर खिळ्यांशिवाय पकड घेणारा तळवा हवा होता. १९७१ मधली रविवारची सकाळ. नाश्त्याच्या टेबलावर वॉफल. पत्नी बार्बरा चर्चला गेलेल्या. चौकोनी खळग्यांचा तो साचा बघता बघता बाउरमनना वाटलं, हीच नक्षी उलटी करून तळव्याला लावली तर? त्यांनी लग्नात भेट मिळालेल्या त्या वॉफल-यंत्रात थेट युरेथेन ओतलं. आत काही लावायचं राहून गेलं आणि यंत्र जे चिकटून बसलं ते पुन्हा उघडलं नाही. मग त्यांनी आणखी यंत्रं आणली आणि वॉफल-तळवा निघाला. पुढं २०१० साली घराजवळच्या कचऱ्याच्या खड्ड्यात गंजलेली यंत्रं सापडली, ती नाइकेनं जपून ठेवली.

हा किस्सा जगभर गाजला. मला त्याहून मोलाचा वाटतो तो केनी मूरचा. मूर विद्यार्थी असताना बेसुमार सराव करायचा. जास्त पळालं की जास्त सुधारतो, ही त्याची पक्की समजूत. परिणाम असा की पोरगा सतत आजारी, थकलेला, वेळेत सुधारणा शून्य. बाउरमननी एकदा त्याच्या गळ्याला हात घातला आणि बजावलं: तीन आठवडे रोज फक्त तीन मैल, तेही रमतगमत, माझ्या डोळ्यांदेखत; त्याउपर एक पाऊल जरी पळालास तर संघातून बाहेर. मूर धुमसत राहिला, पण ऐकलं. तीन आठवड्यांनी दोन मैलांच्या शर्यतीत त्यानं ८ मिनिटं ४८ सेकंद अशी वेळ दिली. आधीच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा तब्बल २७ सेकंद कमी. हाच मूर १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकच्या मॅरेथॉनमध्ये चौथा आला. एक दिवस कष्टाचा, दुसरा हलका, हे बाउरमनचं सूत्र आज कुठल्याही प्रशिक्षकाच्या तोंडी असतं. पण त्या काळी विद्यार्थ्याला विश्रांती घे म्हणून दरडावणारा प्रशिक्षक विरळा. जिथं पालक आणि प्रशिक्षक कोवळ्या पोरांना दोन्ही वेळ रगडतात, त्या प्रत्येक मैदानावर हा किस्सा मोठ्यानं वाचून दाखवावा असं मला मनापासून वाटतं.

ओरेगॉन विद्यापीठाचं हेवर्ड फील्ड हे मैदान १९१९ चं, बाउरमन यांच्याआधीचे प्रशिक्षक बिल हेवर्ड यांच्या नावाचं. अमेरिकी ऑलिम्पिकच्या निवड चाचण्या इथं कितीदा तरी झाल्या. बाउरमन यांचाच विद्यार्थी, लांब पल्ल्याचा धावपटू स्टीव्ह प्रीफाँटेन इथंच धावला, अवघ्या चोविसाव्या वर्षी १९७५ साली मोटार अपघातात गेला, आणि आजही धावपटू त्या अपघाताच्या जागी जाऊन आपली पदकं ठेवून येतात. २०१८ साली जुना लाकडी स्टँड पाडला तेव्हा गावातली माणसं हळहळली. मलाही त्याचं वाईट वाटतं. काही लाकडं तरी जिथल्या तिथं ठेवायला हवी होती. नवं स्टेडियम उभं राहिलं ते बहुतांशी फिल नाइट आणि त्यांच्या पत्नीच्या देणगीतून. आता स्टँडखाली शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळा आहेत.

जुलै २०२२ मध्ये तिथं जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, अमेरिकेच्या भूमीवर पहिल्यांदाच. विद्यार्थी सुट्टीवर, आणि त्यांच्या वसतिगृहांत जगभरचे खेळाडू. भालाफेकीत नीरज चोप्राची पहिली फेक फाउल गेली. वारा उलटसुलट. तरी चौथ्या फेकीत ८८.१३ मीटर आणि रौप्यपदक; मांडीत कळ आली ती त्या फेकीनंतर.

आपला अविनाश साबळे, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत होता. शर्यत रंगात आलेली असताना एक कॅमेरामन दुसऱ्या स्पर्धेकडे कॅमेरा रोखून चक्क ट्रॅकवर उभा राहिला. त्याची पाठ धावपटूंकडे. अडथळे आणि पाणी ओलांडणाऱ्यांना आता त्यालाही वळसा घालावा लागला! एवढी तालेवार स्पर्धा, एवढी आखणी, तरी असं घडतं. शर्यतही विलक्षण संथ झाली, शेवटच्या फेरीत सगळे सुटले आणि अविनाश अकराव्या स्थानावर राहिला.

तीन आठवड्यांच्या आत बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तोच अविनाश ८ मिनिटं ११.२० सेकंदांत धावला. नवा राष्ट्रीय विक्रम, रौप्यपदक, आणि सुवर्ण हुकलं ते पाच शतांश सेकंदांनी. १९९८ पासून त्या शर्यतीची तिन्ही पदकं दर वेळी केनियाकडेच जात होती. त्या दिवशी ती गेली नाहीत.