रानपिंगळा : हरवला आणि सापडला

आमच्या बोईसरच्या चाळीमागे पिंपळाच्या ढोलीत पिंगळ्याची एक जोडी आहे. तिन्हीसांजेला तिचा कलकलाट सुरू झाला की शेजारच्या आजी 'मेलं अभद्र!' म्हणून पोरांना दगड मारायला सांगतात. गंमत अशी की, या पक्ष्याची भाषा जाणतो म्हणून पहाटे दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या पिंगळ्याला याच आजी लहानपणी सुपातून धान्य वाढीत असत!

या पिंगळ्याचा एक दुर्मिळ भाऊबंद म्हणजे रानपिंगळा. ब्लूइट नावाच्या गृहस्थांनी १८७२ साली आजच्या छत्तीसगडात त्याचा पहिला नमुना मिळविला व ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले. पुढे खानदेशात डेव्हिडसन या अधिकाऱ्याने काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी जणू नाहीसाच झाला.

नाही म्हणायला एक नोंद होती. मायनर्ट्‌झहागेन या नामांकित कर्नलसाहेबांनी १९१४ साली गुजरातेत मांडवी येथे तो मिळाल्याची चिठ्ठी एका नमुन्याला बांधली होती. पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा तो डेव्हिडसनचाच निघाला! ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, पेंढा बदलून, त्यावर खोटे गाव लिहिले होते. एका चिठ्ठीने केवढी दिशाभूल! रासमुसेनबाईंनी ती बाजूला सारली आणि खरे पत्ते धरून बेन किंग व डेव्हिड अॅबट यांच्यासह शोध घेतला. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सकाळच्या उन्हात, निष्पर्ण फांदीवर रानपिंगळा बसलेला दिसला. मध्ये ११३ वर्षे गेली होती.

पुढे तो मेळघाटात, यावलला आढळला. पण आपणां पालघरकरांना अधिक जवळची बातमी २०१४ ची. त्या वर्षी १ ऑगस्टला आपला जिल्हा झाला आणि ऑक्टोबरमध्ये तानसा अभयारण्यात रानपिंगळा सापडला. ज्या तलावाचे पाणी मुंबई पिते, त्याच्याच काठचे हे रान!

हे वाचून गेल्या हिवाळ्यात मीही मित्राची दुर्बीण घेऊन मनोर-वाड्याच्या रस्त्याने निघालो. वाटेत सागाच्या शेंड्यावर पक्षी दिसला, दिवसाढवळ्या बसलेला. झाले! वहीत मोठ्या अक्षरांत 'रानपिंगळा' लिहिले. घरी येऊन पुस्तक उघडले. रानपिंगळ्याच्या डोक्यावरचे ठिपके पुसट, पाठ जवळजवळ बिनठिपक्यांची, शेपटीवर रुंद पट्टे, पोट स्वच्छ पांढरे. माझ्या पक्ष्याची तर पाठ ठिपक्यांनी भरलेली होती. म्हणजे आमच्या पिंपळावरचाच साधा पिंगळा! मित्र म्हणाला, "राहू दे रे, कोण तपासतंय?" कर्नलसाहेब आठवले आणि मी नोंद खोडली.

२०१८ पासून जागतिक यादीत हा पक्षी 'अतिसंकटग्रस्त' ऐवजी 'संकटग्रस्त' गणला जातो, एवढाच काय तो दिलासा. त्याला घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली लागते आणि जुनी झाडे तोडली जात आहेत. शिवाय जादूटोण्यापायी घुबडे मारणारे आहेतच.

आजींना हे सारे सांगून पाहिले. त्या म्हणाल्या, "मग आमचा पिंगळा तो नव्हे ना?" नव्हे, म्हटले. दगड अजून चालू आहेत.