देवटेकची शिळा

मुलांनो, चंद्रपूर जिल्ह्यात देवटेक नावाचे गाव आहे. तेथे एक जुनी शिळा सापडली. तिच्यावर दोन लेख आहेत. एक प्राकृत भाषेत, दुसरा संस्कृतमध्ये. पण अक्षरे झिजलेली! मग वाचन बरोबर की चूक, हे कोण ठरवणार? नागपूरचे विद्वान वा. वि. मिराशी यांनी आपले वाचन १९३५ साली म्हैसूरच्या प्राच्यविद्या परिषदेत इतर विद्वानांपुढे मांडले. ही परिषद १९१९ साली पुण्यात सुरू झाली. तिच्यात संस्कृतप्रमाणे अरबी-फारसीलाही स्थान आहे. १९७२ साली दिल्लीत जगभरचे संस्कृत पंडित जमले. अशा परिषदांना जागा, पैसा व छपाई लागते. ही मदत म्हणजे नुसता पाहुणचार नव्हे. तिच्यामुळे एकाची चूक दुसऱ्याला दाखवता येते आणि ज्ञान पुढे जाते.