जुनी मर्सिडीज घेताना

१९९५ मध्ये पुण्यात टेल्कोच्या कारखान्यात जुळणी सुरू झालेली ई-क्लास (डब्ल्यू १२४) ही भारतात तयार झालेली पहिली मर्सिडीज कार. जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीसारख्या गावात गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली पडून असलेली अशी गाडी मिळाली, तर आधी बॉनेट उघडून वायरिंग पाहा. त्या काळच्या पेट्रोल इंजिनांच्या वायरींचं आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळतं. उंदरांनी कुरतडलं असेल तर ते वेगळंच. संपूर्ण वायरिंग हार्नेस बदलणं हाच खरा इलाज, आणि तो खर्च भाव ठरवतानाच धरावा. मग जॅक लावायच्या जागांवरचा गंज. रंगाचा विचार सगळ्यात शेवटी!

थेट स्टार्टर मारू नका. जुनं पेट्रोल काढा, ऑइल बदला, प्लग काढून इंजिन हाताने फिरवून बघा. ब्रेकचे रबरी पाइप नवेच घ्या.

कागदपत्रं: चेसिस आणि इंजिन क्रमांक आरसीशी जुळवा. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं, पर्यावरण करही भरावा लागतो. जालना जिल्ह्याची पाटी एमएच २१. ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नोंदणी मात्र २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनांनाच मिळते. १९९५ ची गाडी तिथे २०४५ नंतर पोहोचेल.