मुनव्यावर चाललेला वंश

केळफुलाची भाजी करायची म्हणजे हाताला तेल लावून आधी एकेक फूल निवडत बसायचं. प्रत्येक फुलात एक ताठ काडी असते, टोकाला बारीक गोंडा, अगदी आगपेटीतल्या काडीसारखी. शेजारी एक पारदर्शक पापुद्रा. दोन्ही शिजत नाहीत म्हणून उपटून टाकायची. अलिबागपासून चौल-रेवदंड्यापर्यंतच्या घरांत हे काम कितीतरी पिढ्या चाललं आहे. ती काडी म्हणजे फुलाचा कुक्षीवृंत आणि गोंडा म्हणजे कुक्षी, परागकण झेलण्यासाठी झाडानं घडवलेला अवयव. वाडीतल्या केळीला फळ धरायला त्याची गरजच उरलेली नाही.

या अष्टागराच्या वाड्यांमध्ये वर नारळ, मध्ये सुपारी आणि खाली, पाटाच्या कडेला किंवा न्हाणीचं पाणी जिरतं तिथे, केळ. वेलची केळ पिकवून खायची, राजेळी भाजीला आणि वेफरला. केळीचा कोंब गाभ्यातून वर येतो, लाल-जांभळी पारी एकेक करून उलगडते आणि तिच्याखाली फुलांची दुहेरी ओळ दिसते. पहिल्या काही ओळी मादी फुलांच्या. त्यांच्याच फण्या होतात. पुढची फुलं नर, ती गळत राहतात. शिंजीर मधासाठी येतात, मधमाश्या घोंघावतात, पण त्यांच्या येण्या-न येण्यावर घड अवलंबून नाही. निघता घड पिशवीत बांधला तरी केळी भरतातच.

बहुतेक झाडांमध्ये असं चालत नाही. पराग कुक्षीवर पडतो, नळी बीजांडापर्यंत उतरते, बी धरू लागते. वाढणारी बी ऑक्सिन आणि जिबरेलिन ही संप्रेरकं तयार करते आणि त्यांच्या इशाऱ्यावर भोवतीचा अंडाशय फळ होऊ लागतो. बी नाही तर इशारा नाही, फूल गळतं. केळीत हा इशारा अंडाशय स्वतःच देतो. फ्रिट्झ नॉल या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं काकडीत हेच पाहिलं आणि 1902 मध्ये त्याला नाव दिलं. मराठीत आपण त्याला अनिषेकफलन म्हणतो. 1936 मध्ये अमेरिकेत फेलिक्स गुस्टाफसन यांनी परागाऐवजी ऑक्सिनसारखी रसायनं लावून टोमॅटोसारख्या झाडांवर बिनबियांची फळं धरवली. आज पॉलिहाऊसमधली काकडी मधमाशीशिवाय पिकते ती याच गुणावर.

बिनबियांचं प्रत्येक फळ मात्र याच वाटेनं येत नाही. तासगाव-नाशिकच्या थॉमसन सीडलेस द्राक्षात परागीभवन होतं, बीजधारणाही होते, पण बी कोवळी असतानाच खुरटते. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्रानं रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून 1992 मध्ये दिलेला सिंधू आंबा याहून वेगळा: बाठा इतका पातळ की आंबा जवळपास सगळा गरच.

केळीचं नातं समजून घ्यायचं तर पावसाळ्यात सह्याद्रीच्या कड्यांकडे पाहावं. कातळाच्या भेगांत चवई उगवते, आपली रानकेळ, केळीच्याच कुळातली. तिचं फळ सोललं की काळ्या, दगडासारख्या टणक बिया हाताला लागतात आणि गर नावाला. चवईला मुनवे, म्हणजे बुडाशी फुटणारी पिल्लं, येत नाहीत. ती वर्षानुवर्षं कातळात कंद पोसते, एकदाच फुलते, बिया टाकते आणि मरते. कड्यावर तिच्या प्रत्येक बीचा जनुकांचा संच वेगळा, प्रत्येक रोप नवं. वाडीतली केळ नेमकी उलट: बी नाही, मुनवे भरपूर. मला या दोघींकडे पाहताना नेहमी वाटतं की फळाचा गोडवा आणि वंशाचं स्वातंत्र्य यांचा इथे सौदा झाला आहे.

या सौद्यात दोन वेगळे गुण एकत्र आले. एक, परागाशिवाय गर भरणं. दुसरा, वंध्यत्व. वेलची ही दोन रानटी जातींच्या संकरातून आलेली. तिच्या 22 गुणसूत्रांत दोघींचे 11-11 आहेत आणि त्यांची जुळणी नीट होत नाही. राजेळीत तर तीन संच, 33 गुणसूत्रं. तिघांची समान वाटणी होणारच नाही. केळ्याच्या मध्यावर दिसणारे काळे ठिपके म्हणजे न वाढलेली बीजांडं. हा मेळ पहिल्यांदा माणसानं ओळखून जपला तो आग्नेय आशिया आणि न्यू गिनीच्या पट्ट्यात. न्यू गिनीतल्या कुक दलदलीत केळीच्या लागवडीच्या सुमारे 7,000 वर्षांपूर्वीच्या खुणा सापडल्या आहेत.

मुनव्यावरून लावलेली सगळी रोपं एकाच झाडाची प्रत असली की रोगही सगळ्यांना एकच. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या बाजारात ग्रो मिशेल ही जात होती. मातीतल्या पनामा मर बुरशीनं ती बाजारातून उठवली आणि कॅव्हेंडिश जातीचं केळं आलं. जळगावचं ग्रँड नैन याच गटातलं. आता या बुरशीचा टीआर-4 हा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो, आणि तो बिहार व उत्तर प्रदेशात पोचला आहे. बी नसलेल्या झाडात नवी प्रतिकारशक्ती आणायला संकर करणं किती कठीण, हे सांगायला नको. म्हणून आपल्या वाड्यांतल्या वेलची, राजेळी, तांबडी केळ अशा निरनिराळ्या जाती टिकणं मला महत्त्वाचं वाटतं.

त्याच वंध्य झाडाचा दुसरा चेहरा रायगडनं 3 जून 2020 ला पाहिला. निसर्ग चक्रीवादळानं श्रीवर्धन, मुरूड, अलिबागच्या वाड्या आडव्या केल्या. सुपारीचं नवं रोप धरायला पाच-सहा वर्षं लागतात. केळीचा बुंधा मोडतो, पण तिचं खरं खोड म्हणजे मातीतला कंद. तो शाबूत असला की कोंब फुटतो आणि वर्ष-सव्वा वर्षात घड निघतो.

मुनवा निवडण्याची रीत जुनीच आहे. रुंद पानांचा, देखणा मुनवा घ्यायचा नाही. तो आईच्या कंदाला वरवर चिकटलेला असतो आणि पुढे अशक्त राहतो. तलवारीसारख्या अरुंद पानांचा, बुडाशी जाड असलेला बघायचा. पाऊस पडून माती मऊ झाली की पहारीनं कंदासकट वेगळा करायचा, मुळं छाटायची आणि ओल सुकायच्या आत आळ्यात लावायचा.