विळा-कोयत्याने बोट कापलं? टाके घालण्याआधी बोट वाकतंय का बघा

ज्वारीची काढणी आणि ऊसतोड सुरू आहे. म्हणून आजचा सल्ला पिकाचा नसून हाताचा आहे. विळा, कोयता, छाटणीची कात्री किंवा कडबा कुट्टीने हात कापला की आपण टाके घालून घेतो आणि विषय संपवतो. पण जखम लहान दिसली तरी आतली कंडरा तुटलेली असू शकते. गावात आपण याला "शीर तुटली" म्हणतो.

*कंडरा म्हणजे काय?*
हाताचा स्नायू आणि बोटाचं हाड यांना जोडणारी दोरी. सायकलच्या ब्रेकच्या वायरसारखी. वायर तुटली की ब्रेक लागत नाही, तसं कंडरा तुटली की बोट वाकत नाही किंवा सरळ होत नाही. तुटलेलं टोक आत तळहाताकडे ओढलं जातं. वरून कातडी शिवली तरी ते आपोआप जुळत नाही.

*कसं ओळखायचं?*
✅ एकेक बोट वेगळं, हळू वाकवून आणि सरळ करून बघा. शेंड्याचं पेरही हललं पाहिजे. जोर लावू नका.
✅ बोट बधिर वाटत असेल तर नसही कापलेली असू शकते.
✅ बोट हलतंय पण फार दुखतंय, तरी दाखवा. कंडरा अर्धवट कापलेली असू शकते.

*लगेच काय करावं?*
1. स्वच्छ कापडाने दाबून धरा, हात वर ठेवा.
2. अंगठी काढा, बोट सुजल्यावर ती निघत नाही.
3. हळद, चहा पावडर, तंबाखू, माती लावू नका. दोरी किंवा तार आवळून बांधू नका.
4. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. रक्त थांबत नसेल तर 108 ला फोन करा.
5. हाताची शस्त्रक्रिया करणाऱ्या ऑर्थोपेडिक किंवा प्लास्टिक सर्जनकडे जा. सरकारी योजनेत बसतं का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

*उशीर का नको?*
पहिल्या काही दिवसांत तुटलेली टोकं सहसा थेट जोडता येतात. तीन-चार आठवडे गेले की स्नायू आखडतो. मग बऱ्याचदा दुसरीकडची कंडरा काढून बसवावी लागते, कधी दोन ऑपरेशनं लागतात.

*ऑपरेशननंतर*
कलम बांधल्यावर आपण जोड अजिबात हलू देत नाही. इथे थोडं वेगळं आहे. हात पूर्ण बंद ठेवला तर कंडरा आजूबाजूला चिकटते आणि बोट कडक होतं. जास्त जोर दिला तर जोड तुटतो. म्हणून फिजिओथेरपिस्ट पट्टी (स्प्लिंट) लावून थोडा थोडा व्यायाम शिकवतात, बहुतेक वेळा पहिल्याच आठवड्यात.

⏳ साधारण 6 आठवडे पट्टी. जड काम 12 आठवड्यांनंतर, तेही डॉक्टरांना विचारूनच.
⛔ दुखायचं थांबलं म्हणून तिसऱ्या आठवड्यात बादली उचलू नका, धार काढू नका. जोड तेव्हा कच्चाच असतो.
⛔ बिडी-सिगारेट बंद. जखम भरायला वेळ लागतो.

तुमच्या शेतात मजुराला लागलं तर त्यालाही बोट हलवून बघायला सांगा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. त्याचं घर त्या हातावरच चालतं. हा मेसेज टोळीच्या मुकादमालाही पाठवा.

– कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी