मावळ्याच्या हातातली बंदूक

दिवाळीच्या सुट्टीत पुण्यात घरोघरी मुले मातीचे किल्ले करतात. त्यावर हळीव पेरतात, कुंभारवाड्यातून आणलेले मावळे मांडतात. या मावळ्यांत एखादा बंदूकधारी पहारेकरी हमखास असतो. त्याच्या खांद्यावरची बंदूक कधी नीट पाहिली आहे का? बहुतेक वेळा ती विसाव्या शतकातल्या रायफलीसारखी दिसते. किल्ला शिवकालीन, बंदूक मात्र अडीचशे वर्षांनंतरची!

मातीच्या मावळ्याला आपण हसून सोडून देऊ. पण आता मोबाइलवर चित्रीकरण आणि जोडकाम करणे सोपे झाले आहे. अनेक शाळांतली मुले इतिहासावर हौशी व्हिडिओ करतात, आणि त्यात हीच चूक पुन्हा होते. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. 'सैनिकांनी बंदुका झाडल्या' असे वाक्य पुस्तकात लिहिता येते. बंदूक कोणती, ती कशी पेटली, दुसरा बार काढायला किती वेळ लागला, हे सांगावे लागत नाही. चित्राला मात्र असे मौन पाळता येत नाही. सैनिकाच्या हातात काहीतरी द्यावेच लागते. म्हणूनच 'बंदुकीची उत्क्रांती' हा विषय व्हिडिओसाठी अवघड आहे, आणि म्हणूनच तो शिकवण्यासाठी उत्तम आहे.

आग दारूपर्यंत कशी पोचते?

जुन्या बंदुकांच्या इतिहासाचा गाभा या एका प्रश्नात आहे. दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. कोळसा हे इंधन. सोरा त्याला ऑक्सिजन पुरवतो, त्यामुळे बंद नळीतही ज्वलन होते. गंधकामुळे मिश्रण लवकर पेट घेते. चीनमध्ये १०४४ सालच्या एका ग्रंथात अशा मिश्रणांच्या कृती नोंदलेल्या आहेत. पुढच्या आठ शतकांत या तीन घटकांत मूलभूत बदल झाला नाही. बदलली ती पेटवण्याची युक्ती.

पहिली युक्ती तोड्याची. दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासायची. नळीच्या मागच्या भागात एक बारीक छिद्र असते, तो बंदुकीचा कान. कानाबाहेरच्या छोट्या वाटीत चिमूटभर बारीक दारू ठेवायची, ती रंजक. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी म्हणजे तोडा. तो अगरबत्तीसारखा धुमसत राहतो. चाप ओढला की तोड्याचे जळते टोक रंजकीवर टेकते आणि कानातून आग आत जाते. कधी रंजक उडते, पण आग आत पोचतच नाही. मग निघतो तो 'फुसका बार'. आपल्या बोलण्यात हा शब्द अजून टिकून आहे.

तोड्याचे तोटे मुलांना विचारले तर तीच सांगतील. पावसात तो विझतो, रात्री त्याचा निखारा शत्रूला दिसतो, आणि दारूजवळ सतत विस्तव बाळगावा लागतो. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात यावर चकमकीची बंदूक निघाली. तिच्या घोड्यात गारगोटीचा तुकडा धरलेला असतो. तो पोलादी पट्टीवर आपटून ठिणग्या पाडतो. आपल्याकडे मात्र तोड्याच्या बंदुका एकोणिसाव्या शतकातही वापरात होत्या. याला नुसता मागासलेपणा म्हणणे घाईचे ठरेल. चकमकीच्या बंदुकीला चांगल्या पोलादाची ताकदवान कमान लागते, गारगोट्या झिजतात, बदलाव्या लागतात. तोड्याची बंदूक गावचा लोहार दुरुस्त करू शकत असे, आणि दोरी कुठेही मिळे.

तिसरी युक्ती एका पक्षी टिपणाऱ्या धर्मोपदेशकाची. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्सिथ यांच्या लक्षात आले, की रंजकीचा भपका दिसताच पक्षी उडून जातात. गोळी सुटेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यांनी आघाताने पेटणारे रसायन वापरले आणि १८०७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पुढे हे रसायन तांब्याच्या इवल्याशा टोपीत भरले जाऊ लागले. दिवाळीतल्या पिस्तुलाची टिकली याच तत्त्वावर फुटते. मग टोपी, दारू आणि गोळी एकाच काडतुसात आली. १८६९ मध्ये आपल्या खडकीला दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला, तो याच बदलाच्या काळात.

म्हणून व्हिडिओत बंदूक दाखवताना आधी कानाजवळ पाहावे. तिथे तोडा आहे, गारगोटी आहे की टोपी? पण एवढ्यावर तारीख ठरवू नये. अनेक जुन्या चकमकीच्या बंदुकांना मागाहून टोपीचा घोडा बसवला गेला. त्यामुळे नळी एका काळातली आणि घोडा दुसऱ्या काळातला असेही आढळते.

शंभर मीटरचे दृश्य

चित्रपटात नायक धडाधड बार काढतो. दोन बारांमधला वेळ जोडकामात कापलेला असतो. आपण नेमका तोच वेळ दाखवू.

मैदानावर शंभर मीटर मोजा. एका टोकाला एक विद्यार्थी काठी घेऊन उभा राहील. तो फक्त अभिनय करील: दारू ओतली, गोळी टाकली, गज काढला, ठासले, गज जागेवर ठेवला, वाटीत रंजक घातली, तोडा नीट केला, नेम धरला. तो सुरुवात करताच दुसऱ्या टोकाकडून दुसरा विद्यार्थी त्याच्याकडे धावत येईल. कॅमेरा मध्ये कुठेही थांबवायचा नाही. कोण आधी पोचते?

कवायत शिकलेला सैनिक चकमकीच्या बंदुकीने मिनिटाला दोन-तीन बार काढी, म्हणजे एका बाराला वीस ते तीस सेकंद. तोड्याच्या बंदुकीला याहून जास्त वेळ लागे. भरधाव घोडा सेकंदाला सुमारे दहा मीटर जातो, म्हणजे शंभर मीटर दहा सेकंदांत. गुळगुळीत नळीच्या बंदुकीने याहून दूरचा एकटा माणूस टिपणे बरेचसे नशिबावर असे. याचा अर्थ, चालून येणाऱ्या स्वारावर बंदूकधाऱ्याला जेमतेम एक बार मिळे. बाबराने १५२६ मध्ये पानिपतावर गाडे एकमेकांना बांधून त्यांच्या आड बंदूकधारी का ठेवले, आणि कवायती पायदळ रांगा करून आळीपाळीने बार का काढी, हे या एका दृश्यातून कळते. इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी आणि महादजी शिंद्यांनी द बॉयनकडून उभारून घेतलेले कंपू यांचे महत्त्वही मग वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

धूर आणि आवाज

जुनी दारू जळाली की तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन कणांच्या रूपात उरतो. काही धूर होऊन पसरतो, काही नळीत साचतो. काही बार झाल्यावर समोरचे दिसेनासे होते आणि पुढची गोळी ठासणे जड जाते. बिनधुराची दारू १८८४ मध्ये फ्रान्समध्ये तयार झाली. त्याआधीच्या लढाईचे स्वच्छ, निरभ्र दृश्य दाखवणे चुकीचे ठरेल.

आवाज जोडतानाही थोडे गणित करावे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तेवढ्या अंतरावरच्या बंदुकीचा भपका दिसल्यावर एका सेकंदाने आवाज यायला हवा.

पुरावा कुठे पाहावा?

शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी शस्त्रे आहेत. सिंहगड, पुरंदर, राजगड जवळच आहेत. तटातल्या जंग्या मुलांना आतून पाहू द्या. त्यातून कुठला भाग दिसतो, किती उतारावर नेम धरता येतो, हे कोनमापक घेऊन मोजता येईल. तटाची रचना आणि बंदूक यांचे नाते तिथे प्रत्यक्ष दिसते. चित्रीकरणाचे नियम मात्र आधी विचारून घ्यावेत.

आम्ही एक पद्धत सुचवतो. प्रत्येक दृश्याच्या कोपऱ्यात तीनपैकी एक शब्द लिहावा: 'पाहिले', 'वाचले' किंवा 'अंदाज'. जंगी पाहिली, १५२६ चे गाडे वाचले, पहारेकऱ्याचा पोशाख अंदाजाने केला. यामुळे व्हिडिओची शोभा थोडी कमी होईल, पण पाहणाऱ्याला खरे-खोटे तपासायची वाट मिळेल.

काळजीचे दोन शब्द. या कामात दारू, फटाके, विस्तव काहीही लागत नाही. काठी, पुठ्ठा आणि न पेटवलेली सुतळी पुरते. आणि एखाद्या वाड्यात जुनी ठासणीची बंदूक दिसली तर तिला हात लावू नये. ती आतून भरलेली असू शकते, आणि तिला कायद्याचे नियमही लागू असू शकतात.

येत्या दिवाळीत किल्ल्यावरच्या त्या पहारेकऱ्याला फेकून देऊ नका. त्याच्या शेजारी मुलांनी केलेला, हाती तोडा धरलेला दुसरा मावळा उभा करा. या दोघांच्या बंदुकांत काय फरक आहे, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला मुलेच सांगतील.