शाई संपली नाही, तारीख संपली!

ठाण्यात काय नि कल्याण-डोंबिवलीत काय, घरात शिलाईच्या मशिनीशेजारी हल्ली प्रिंटरही दिसू लागला आहे. २०२०च्या टाळेबंदीत मुलांची शाळा घरी आली, तेव्हा पुष्कळजणींनी तो घेतला. शाळा परत भरल्या, प्रिंटर राहिला. आता त्यावर शिकवणीच्या प्रश्नपत्रिका निघतात, हळदीकुंकवाची आमंत्रणं निघतात, सोसायटीच्या नोटिसा निघतात. पण रोज नाही. महिना महिना तो झाकून पडलेला असतो, आणि गोम तिथेच आहे.

लोणच्याच्या बरणीवर आपण तारीख लिहीत नाही. झाकण उघडायचं, वास घ्यायचा, बुरशी दिसते का बघायचं, झाला निर्णय. शाईच्या बाबतीत मात्र काही कंपन्यांनी हा निर्णय गृहिणीच्या हाती ठेवलेला नाही, बरं का! कार्ट्रिजला एक बारीक चिप असते आणि तारीख तिच्या पोटात असते. एचपीच्या काही मॉडेलांत नियम असा होता: कारखान्यातून निघाल्यापासून साडेचार वर्षं किंवा प्रिंटरमध्ये बसवल्यापासून अडीच वर्षं, यांतलं जे आधी येईल ते. तो दिवस उजाडला की आत शाई असो वा नसो, छपाई बंद. कंपनीचं म्हणणं, हवा आत शिरते, शाईतलं पाणी उडतं, ती दाट होते आणि प्रिंटर बिघडतो. यात तथ्य नाही असं नाही. पण ती खरंच दाट झाली का, हे न बघताच कुलूप लावायचं, हा कुठला न्याय?

हाच प्रश्न २००५ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या एका बाईने विचारला आणि एचपीवर कॅलिफोर्नियात दावा लावला. पुढे असे आणखी दावे एकत्र होऊन २०१० साली तडजोड ठरली. ग्राहकांच्या पदरात काय पडणार होतं? २ ते ६ डॉलरची सूट, तीही त्याच कंपनीच्या दुकानात! २०१३ साली वरच्या न्यायालयाने वकिलांच्या फीच्या मुद्द्यावरून तीही तडजोड मोडली.

मैत्रिणींनो, खोक्यावर छापलेली तारीख बहुतेक वेळा निराळी असते. वॉरंटी कधी संपते किंवा माल कधीपर्यंत वापरावा, एवढंच ती सांगते. ती उलटली म्हणून स्वच्छ उमटणारी शाई केरात टाकू नका. घरगुती छोट्या कार्ट्रिजच्या बुडाशीच छपाईचा भाग जोडलेला असतो. त्यांना आतलं कुलूप बहुधा नसतं, तिथे वाळणं हाच शत्रू.

म्हणून वर्षाचं धान्य भरून ठेवायची आपली सवय इथे कामाची नाही. सेलमध्ये दोनावर सूट मिळाली, तरी एकच घ्या. स्टेशनजवळच्या दुकानात गर्दी असली तरी खोका उलटा करून तारीख वाचा आणि पक्कं बिल मागा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे. नवा प्रिंटर घेताना स्पष्ट विचारा: तारीख उलटल्यावर हा छापायचा थांबतो का? दुसऱ्या कंपनीची किंवा पुन्हा भरलेली शाई चालते का? २०१६च्या सप्टेंबरात एचपीच्या काही प्रिंटरांनी परकी कार्ट्रिज एकाएकी नाकारायला सुरुवात केली होती, तेव्हा हा प्रश्न चोखंदळपणाचा नव्हे, गरजेचा आहे. शिकवण्यांमुळे छपाई भरपूर असेल, तर टाकीत शाई ओतायचा प्रिंटर परवडतो.

विकताना ही गोष्ट लपवली असेल, तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी पडत नाही, आणि तक्रार घरबसल्या ई-जागृतीवरूनही करता येते. बिल मात्र हवंच.

आणि हो, आठवड्यातून एक रंगीत पान काढत जा, मग ते मुलाचं चित्र का असेना. प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने बंद करू नका. त्याचंच बटण दाबलं, की तो छपाईच्या तोंडावर झाकण ओढून मग झोपतो आणि शाई वाळत नाही.